तेर्स : गोव्यातील कौटुंबिक प्रार्थना

गोव्यातील कॅथलिक कुटुंबे सायंकाळी घरातील वेदीसमोर एकत्र येऊन जी जपमाळ म्हणतात, तिला कोंकणीत ‘तेर्स’ असे म्हणतात. ‘एक तृतीयांश’ या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव आले. पूर्ण रोझरीत १५ रहस्ये असत. त्यांपैकी ५ एका वेळी म्हटली जात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये प्रकाशाची ५ रहस्ये सुचविली. नाव मात्र तेच राहिले. प्रत्येक रहस्यात एकदा प्रभूची प्रार्थना व १० वेळा ‘नमो मरिया’ म्हणतात. एकाने पूर्वार्ध म्हणावा, इतरांनी उत्तरार्ध, अशी रीत आहे. शेवटी लहान मुले वडीलधाऱ्यांकडे ‘बेसांव’ म्हणजे आशीर्वाद मागतात.

मिस्सेला धर्मगुरू लागतो. तेर्स आजीनेही चालविता येतो. त्यामुळे तो टिकणे सर्वस्वी घरावर अवलंबून आहे. परदेशातील नोकऱ्या व कामाच्या बदललेल्या वेळा यांमुळे सर्वांनी एकत्र येणे अवघड होते. जपमाळ एकट्यानेही म्हणता येते; परंतु उत्तरार्ध म्हणणारे आवाज आणि बेसांव देणारे वडीलधारे कुटुंबातच लाभतात.