विद्येचे ऋण आणि विद्येसाठी काढलेले कर्ज

आपल्या संघाच्या गेल्या वार्षिक सभेत शिक्षण निधीविषयी जी चर्चा झाली, ती अनेक ज्ञातिबांधवांच्या स्मरणात असेल. उच्च शिक्षणासाठी निधीतून दिले जाणारे साहाय्य परतफेडीच्या बोलीने द्यावे की निव्वळ देणगी म्हणून द्यावे, असा प्रश्न होता. दोन्ही पक्षांचे सभासद तळमळीने बोलले, क्वचित आवाजही चढले, आणि निर्णय पुढील सभेवर टाकण्यात आला. स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा या वादाचा पूर्वेतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आमच्या मनात आले. आम्ही कोणी पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन अडतीस वर्षे प्राथमिक शाळांत मुले शिकविली, एवढाच आमचा अधिकार. तथापि या निधीशी आमचा दुहेरी संबंध आला आहे. तो पुढे ओघाने सांगू.

आपल्या पूर्वजांनी मनुष्याच्या माथी जी तीन ऋणे सांगितली, त्यांत ऋषिऋण हे एक आहे. ते स्वतः अध्ययन करून व दुसऱ्यास विद्या देऊन फिटते, अशी कल्पना होती. म्हणजे ज्याच्याकडून घेतले त्यालाच परत द्यावे असे नाही, तर पुढच्याला द्यावे. प्रस्तुत विषयाचे मर्म आमच्या मते याच कल्पनेत आहे.

आता इतिहासाकडे वळू. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर इंग्रज सरकारने ती प्रथा एकदम मोडली नाही. तिच्याच द्रव्यातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८४९ साली पुण्यातील काही सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की, या निधीचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस मिळावा. त्यावरून शहरात मोठी खळबळ उडाली. जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. विद्येसाठी राखलेला सार्वजनिक पैसा कोणाच्या विद्येवर खर्च व्हावा, हा प्रश्न महाराष्ट्रात उघडपणे विचारला गेला तो असा.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८८२ साली, हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन सादर केले, ते या वादात आजही बाजूला सारता येत नाही. सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या श्रमातून येतो, मात्र त्यातून होणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांच्या मुलांना मिळतो, आणि शेतकऱ्याचे मूल प्राथमिक शाळेलाही मुकते, असे त्यांचे म्हणणे होते. आज जे म्हणतात की पदवीचा लाभ ज्याला होतो त्यानेच तिचा खर्च सोसावा, ते कित्येकदा याच युक्तिवादाचा आधार घेतात. परंतु जोतीरावांची मागणी गरिबाला कर्ज काढावयास लावण्याची नव्हती. गरिबाच्या पैशाचा वाटा गरिबाच्या मुलापर्यंत पोहोचावा, अशी होती. हा भेद विसरता कामा नये.

सरकारकडून पुरेसे होईना, तेव्हा समाज पुढे आला. खरी अडचण केवळ फीची नव्हती. खेड्यातील मुलाने शहरात राहावे कोठे आणि जेवावे काय, ही अडचण फीहून मोठी होती. राजर्षी शाहू छत्रपतींनी ती ओळखली. १९०१ साली कोल्हापुरास मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले आणि त्यामागून जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे महाराजांच्या आश्रयाने उभी राहिली. आज महाराष्ट्रात ज्ञातिसंस्थांचे जे विद्यार्थी साहाय्यक निधी व बोर्डिंगे दिसतात, त्यांच्यामागे ही प्रेरणा मोठी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांची उपासमार टाळण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ‘कमवा व शिका’ या त्यांच्या योजनेत मुलगा दान घेत नसे आणि कर्जही काढत नसे. तो श्रम देई व विद्या घेई.

याच काळात परतफेडीच्या व बांधिलकीच्या बोलीचीही उदाहरणे घडत होती. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी काढला, तो कर्जरूप शिष्यवृत्तीचा होता. शिकून आलेल्याने रक्कम परत करावयाची आणि तिच्यातून पुढचा विद्यार्थी जावयाचा. कोल्हापुरात जन्मलेले शास्त्रज्ञ जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले ते टाटा शिष्यवृत्तीवर. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तिला अट होती ती दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची. बाबासाहेब ती पाळावयास १९१७ साली बडोद्यास गेले देखील. पण अस्पृश्य म्हणून त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना व परतावे लागले. बोली पाळण्याची इच्छा असूनही समाज ती पाळू देत नाही, असेही घडते, हे या उदाहरणावरून ध्यानी येते. पुढे १९२० साली ते अपुरे शिक्षण पुरे करण्यास लंडनला गेले, तेव्हा स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज, अशी तीन प्रकारची शिदोरी त्यांच्याजवळ होती. देणगी की कर्ज असा वाद आपण घालतो. प्रत्यक्षात एका महापुरुषाचे शिक्षण दोहोंच्या आधाराने झाले.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हा भार अधिक उचलला. मुंबई राज्यात १९५९ साली आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या घरांतील मुलांना फीमाफी मिळू लागली. ज्या घरांतून पूर्वी कोणी कॉलेजचा उंबरा चढला नव्हता, अशा असंख्य घरांतील मुले तिच्यामुळे शिकली. १९६३ साली भारत सरकारने राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना काढली. कर्ज बिनव्याजी होते. विशेष म्हणजे कर्ज घेणारा पुढे शिक्षक झाला, तर सेवेच्या दर वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ होई. ऋषिऋणाची जुनी कल्पनाच जणू सरकारी नियमांत उतरली होती! परंतु वसुली फारच थोडी होऊ लागली व १९९१ साली योजना बंद पडली.

आमची स्वतःची हकीकत याच काळातील आहे. १९७४ साली आम्ही अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालो. गुण बरे होते, कॉलेजात जाण्याची उमेदही होती. पण वडिलांना चार वर्षांचा खर्च झेपणारा नव्हता. आम्ही दोन वर्षांच्या अध्यापक विद्यालयात नाव घातले. त्यासाठी ज्ञातीच्या शिक्षण निधीतून ४०० रुपये बिनव्याजी कर्ज मिळाले. पैसे हाती देताना वृद्ध खजिनदार म्हणाले, “हे पैसे माझे नाहीत, संघाचेही नाहीत. गिरणीत कारकून असलेल्या आपल्या एका मुलाने कालच शेवटचा हप्ता भरला, त्याचे आहेत.” नोकरी लागल्यावर आम्ही दरमहा १० रुपये भरले. चाळिसावी पावती आजही आमच्या ट्रंकेत आहे. तिचे ओझे आम्हांस कधी वाटले नाही; अभिमानच वाटला.

पुढे काळ पालटला. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली. जागा वाढल्या हा लाभ निर्विवाद; पण खर्च पालकांच्या शिरावर आला. १९९३ साली पुन्नय्या समितीने विद्यापीठांनी आपल्या चालू खर्चाचा १५ टक्के, व पुढे २५ टक्के, भाग स्वतः उभारावा अशी शिफारस केली. २००१ साली बँकांची शैक्षणिक कर्ज योजना आली. ४ लाख रुपयांपर्यंत तारण नको, आणि अभ्यासक्रम संपून काही अवधी लोटल्यावर हप्ते सुरू. मात्र व्याजाची आकारणी पहिल्या उचलीपासून होते व पालकाला सहकर्जदार म्हणून सही करावी लागते. २००९ साली अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी व्याज अनुदानाची योजना आली. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांतील अनेक मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शुल्क माफ केले. या सवलती स्तुत्य आहेत. तथापि खोली, खाणावळ, प्रवास यांचा खर्च राहतोच, आणि शाहू महाराजांच्या काळची ती अडचण आजही पुरती सरलेली नाही.

आता आमचा दुसरा संबंध सांगतो. तो सांगताना लेखणी जड होते. २०११ साली आम्ही निधी समितीचे चिटणीस होतो. एका होतकरू मुलाने तंत्रनिकेतनातील पदविकेसाठी २० हजार रुपये घेतले होते. पदविका मिळाली, पण काम मिळेना. मिळाले ते महिना-दोन महिन्यांत सुटे. आम्ही समितीच्या वतीने त्यास तीन पत्रे लिहिली. तिसऱ्यात, थकबाकीदारांची नावे स्मरणिकेत छापावी लागतील, असे लिहिले. आठवड्याने त्याची आई आमच्या दारी आली. रुमालात बांधलेल्या दोन बांगड्या तिने पुढे ठेवल्या. त्या आम्ही घेतल्या नाहीत. पण ते घर त्यानंतर ज्ञातीच्या कोणत्याही कार्याला आले नाही. पत्रातील मजकूर समितीचा होता, अक्षर मात्र आमचे होते. मुलांच्या वह्यांवर ‘छान’ लिहिणाऱ्या हातानेच ते लिहिले होते.

दहा रुपयांची ती पावती आणि त्या बांगड्या, दोन्ही एकाच निधीच्या. मग फरक कोठे पडला? आम्हांस नोकरी लागली, त्या मुलास लागली नाही. परतफेड वाईट नव्हे. न मिळवणाऱ्याकडून मागितलेली परतफेड वाईट. ऑस्ट्रेलियात १९८९ सालापासून अशी पद्धत आहे की, शिकलेल्या माणसाचे उत्पन्न ठराविक मर्यादेपलीकडे गेले तरच त्याच्याकडून शिक्षणाची रक्कम उत्पन्नाच्या मानाने कापून घेतात. एवढा मोठा देश जे करतो, ते आपल्या लहानशा संघास का जमू नये?

म्हणून आमची सूचना अशी. राहण्याजेवण्याचे साहाय्य निव्वळ देणगी असावे. फीसाठी द्यावयाची रक्कम बिनव्याजी कर्जरूप असावी. पण हप्ता मिळकत सुरू झाल्यावरच सुरू व्हावा आणि मिळकतीच्या मानाने असावा. जो शिक्षक होईल किंवा खेड्यात रुग्णसेवा करील, त्यास १९६३ सालच्या योजनेप्रमाणे दर वर्षी दहावा हिस्सा माफ असावा. आईबापांची सही घेऊ नये. कोणाचेही नाव थकबाकीदार म्हणून छापू नये. शिवाय सरकारी सवलतींचे अर्ज भरून देण्यास संघाच्या कार्यालयात आठवड्यातून एक दिवस कोणी तरी बसावे. ते काम आम्ही स्वतः आनंदाने करू.

याने निधी आटेल, अशी शंका काही सभासद घेतील. थोडा आटेलही. तो भरून काढण्याचे काम ज्यांचे शिक्षण निधीवर झाले व ज्यांस देवाने आज बरे दिवस दाखविले, त्यांचे आहे. त्यांनी आपला शेवटचा हप्ता केव्हाच भरला असेल. पण कर्ज फिटले म्हणून ऋण फिटले असे होत नाही. येत्या सभेत प्रत्येकाने मत देण्यापूर्वी आपल्या घरातील पहिला शिकलेला माणूस कोणाच्या पैशावर शिकला, याचे एकवार स्मरण करावे, एवढी नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.