किडनीचा आजार ‘घराण्यात’ असतो, म्हणजे नेमका कुठे?

25 डिसेंबर ही तारीख आपल्या चळवळीत दोनदा कोरली गेली आहे. 1927 साली महाडला मनुस्मृती जाळली गेली. 1954 साली देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. जन्मावरून माणसाचं नशीब ठरतं, हा विचार बाबासाहेबांनी आयुष्यभर नाकारला. तोच विचार आज दवाखान्याच्या बाकावर वेगळ्या भाषेत ऐकू येतो. देहू ते चाकण पट्ट्यातल्या एखाद्या कामगाराला डायलिसिस लागलं की लोक म्हणतात, “त्यांच्या घराण्यातच आहे.” हे वाक्य आपण तपासलं पाहिजे.

किडनीत रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. एका किडनीत त्या सरासरी दहा लाख असतात, पण माणसागणिक हा आकडा खूप बदलतो. गर्भारपणाच्या साधारण 36 व्या आठवड्यापर्यंत जेवढ्या तयार झाल्या तेवढ्याच. पुढे आयुष्यभर नवी चाळणी तयार होत नाही. कमी वजनाच्या बाळात त्या बहुधा कमी असतात. 1988 साली अमेरिकेतले डॉ. बॅरी ब्रेनर यांनी मांडलं की अशा थोड्या चाळण्यांवर जादा भार पडतो, रक्तदाब वाढतो आणि त्या लवकर झिजतात. निम्म्या कामगारांवर डबल ड्युटी लादली की काय होतं, हे आपल्याला एमआयडीसीत वेगळं शिकवावं लागत नाही. नॉर्वेत 1967 पासूनच्या जन्मनोंदी तपासल्या गेल्या. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, सर्वांत कमी वजनाच्या दहा टक्के बाळांमध्ये पुढे किडनी निकामी होण्याचा धोका इतरांच्या सुमारे 1.7 पट आढळला.

आता आपल्या जिल्ह्यात या. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. ज्या मातांना पालेभाज्या, फळं, दूध जास्त मिळालं त्यांची बाळं मोठी होती. ज्या गर्भारपणातही जड कामं करत होत्या त्यांची बाळं लहान होती.

मग इतिहासाला विचारा: जड कामं पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वाट्याला आली? जमीन कोणाकडे नव्हती? सार्वजनिक पाणवठा कोणाला बंद होता? उपाशी आईच्या पोटी अशक्त मुलगी जन्मते, तीच पुढे अशक्त आई होते. मग त्याला ‘घराण्याचा आजार’ म्हणतात! काही किडनीविकार खरोखर आनुवंशिक असतात, हे मान्य. पण घराणं म्हणजे केवळ रक्त नव्हे. काम, भाकरी, पाणी आणि जातही घराण्यातूनच मिळते.

हे विज्ञान यायच्या कितीतरी आधी, 28 जुलै 1928 रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. 1929 साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे 1961 चा केंद्रीय कायदा आला, 2017 साली पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा 26 आठवड्यांची झाली. पण त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत त्या आस्थापनेत किमान 80 दिवस काम केलेलं असावं लागतं. घरकाम करणारी बाई आणि शेतमजूर स्त्री या रजेच्या बाहेरच राहते. ठेकेदाराकडच्या बाईला हक्क असूनही तो सिद्ध करायला कागद कुठून आणायचा?

कमी वजनाने जन्मणं म्हणजे ललाटलेख नाही. प्रौढांत किडनी बिघडवण्यात मधुमेह आणि उच्च रक्तदाब हीच मोठी कारणं आहेत आणि दोन्ही वेळेत पकडता येतात. म्हणून कार्यकर्त्यांनो, जयंतीच्या आरोग्य शिबिरात रक्तदानासोबत रक्तदाब, साखर, लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन तपासा. घरोघरी बाळाचं जन्मवजन कार्डावर नोंदवलंय का ते पाहा. वस्तीतल्या गर्भार बाईला रजा, मजुरी आणि पोषण आहार मिळतोय का, हे विचारा. मिळत नसेल तर अर्ज करा, मोर्चा काढा. 1928 ची मागणी अजून पुरी झालेली नाही.

जय भीम!