रॉक संगीत, प्रायोगिक, व हाय-फाय श्रवण : मुंबई परिसरातील

रॉक संगीताची रूढ चौकट सोडून वाद्ये, विद्युत् ध्वनियंत्रे व ध्वनिमुद्रणाची तंत्रे यांवर स्वतंत्र प्रयोग करणाऱ्या संगीतास प्रायोगिक रॉक संगीत म्हणतात. मुद्रित ध्वनी मुळाबरहुकूम ऐकू यावा म्हणून निवडक यंत्रांची जुळणी करणे आणि समानधर्मी रसिकांसोबत त्या यंत्रांची तुलना करणे, या छंदास बोलीत हाय-फाय असे नाव आहे. मुंबई व तिच्या परिसरात हे दोन्ही प्रवाह साधारणपणे १९६५ ते १९८५ या काळात वाढले. दोहोंनाही साधनांची टंचाई भासली. त्या काळात येथे निर्माण झालेले अनेक प्रयोग अल्पसंख्य तबकड्यांच्या रूपानेच शिल्लक राहिले. ते आज ऐकावयास मिळतात याचे बरेचसे श्रेय तबकड्या व यंत्रे जपणाऱ्या शौकिनांकडे जाते.

संकल्पना व उगम : पाश्चात्त्य देशांत या संगीतास १९६६ च्या सुमारास ठळक रूप आले. अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपा याच्या ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ या वाद्यवृंदाची फ्रीक आउट ! ही दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका त्या वर्षी प्रसिद्ध झाली. कॅप्टन बीफहार्ट या टोपणनावाने गाणाऱ्या डॉन व्हॅन व्हलीट याने १९६९ मध्ये ट्राउट मास्क रेप्लिका या २८ रचनांच्या ध्वनिमुद्रिकेत ब्लूज गायकी, मुक्त जॅझ आणि एकमेकींशी फटकून वागणाऱ्या लयी एकत्र आणल्या. तिचा निर्माता झॅपा हाच होता. जर्मनीतील कोलोन येथे १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅन’ या वृंदातील इर्मिन श्मिट व होल्गर चुकाय हे दोघे कार्लहाइन्त्स श्टॉकहाउझेन या संगीतरचनाकाराचे विद्यार्थी होते. समकालीनांनी अशा कलावंतांची गणना विक्षिप्तांत केली. तथापि त्यांच्या विक्षिप्तपणाच्या मुळाशी ध्वनीविषयीचे कुतूहल होते. विवर्धक म्हणजे अँप्लिफायर मर्यादेपलीकडे ताणून गिटारीचा स्वर फाटू देणे, चुंबकीय फीत कापून जोडणे किंवा उलटी वाजविणे, स्पीकरमधून आलेला स्वर पुन्हा गिटारीच्या तारांवर पडून होणारा घोष वाद्यासारखा वापरणे, हे त्यांचे नेहमीचे मार्ग होत.

हाय-फाय शौकिनाचे ध्येय वरवर पाहता याच्या उलट असते. स्वर फाटू न देणे, तबकडीची गती स्थिर ठेवणे आणि मानवी कानास ऐकू येणाऱ्या सु. २० ते २०,००० हर्ट्‌झ कंप्रतांच्या पट्ट्यात यंत्राने स्वतःची भर न घालणे, यांवर त्याचा कटाक्ष असतो. इंग्लंडमधील वायरलेस वर्ल्ड या नियतकालिकात १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेला विल्यमसन याचा विवर्धक, १९४८ ची दीर्घवादी तबकडी, १९५४ चा गॅरार्ड ३०१ हा तबकडीचालक, १९५७ चा क्वाड कंपनीचा स्थिरविद्युत् स्पीकर आणि १९५८ पासून बाजारात आलेल्या स्टिरिओ तबकड्या हे या छंदाच्या वाटचालीतील महत्त्वाचे टप्पे आहेत. संगीतकाराने मुद्दाम फाडलेला स्वर जसाच्या तसा ऐकविण्यासाठी स्वर न फाडणारे यंत्रच लागते. या कारणाने दोन्ही प्रवृत्ती परस्परपूरक ठरतात.

स्थानिक पार्श्वभूमी : पाश्चात्त्य स्वररचनेचा परिचय मुंबईच्या उत्तरेकडील किनाऱ्यास फार पूर्वीपासून आहे. वसई व साष्टी हा मुलूख १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होता. मराठ्यांनी तो १७३७ ते १७३९ या मोहिमेत जिंकला. वसईच्या खाडीच्या मुखाशी, आताच्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत असलेल्या उत्तन, डोंगरी, चौक इ. गावांतील ख्रिस्ती वस्त्यांत चर्चमधील समूहगायन आणि लग्नप्रसंगीची पितळी वाद्ये ही परंपरा सत्तांतरानंतरही टिकून राहिली. गोव्यातून मुंबईस आलेल्या वादकांनी चर्चमध्ये मिळविलेले स्वरलिपीचे ज्ञान चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आणले. त्यामुळे विद्युत् गिटार मुंबईत आली, तेव्हा ती हाताळू शकणारे वादक आणि तिच्या स्वराला सरावलेले कान येथे आधीपासून होते.

ध्वनिमुद्रणाच्या उद्योगाशीही या देशाचा जुना संबंध आहे. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या ज्या लाखेपासून बनत, तिचा मोठा पुरवठा भारतातून होई. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्ग याने १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजानसह अनेक कलावंतांचे ध्वनिमुद्रण केले. १९०८ मध्ये त्याच शहरात कंपनीचा कारखाना सुरू झाला. परिणामी मुद्रण मुंबईत झाले, तरी तबकड्या दाबण्याचे काम आणि उत्तम यंत्रसामग्री यांचे केंद्र दीर्घकाळ कलकत्ताच राहिले.

पाश्चात्त्य कलावंतांची मुंबईतील मुद्रणे : या विषमतेचे बोलके उदाहरण १९६८ चे आहे. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन याने त्या वर्षीच्या जानेवारीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत वंडरवॉल या चित्रपटाच्या संगीताचा काही भाग मुद्रित केला. शिवकुमार शर्मा यांच्यासारखे वादक त्यात सहभागी होते. मुंबईच्या स्टुडिओत त्या वेळी स्टिरिओ मुद्रणाची सोय नव्हती. म्हणून कंपनीचे तत्कालीन प्रमुख भास्कर मेनन यांनी दोन मार्गिकांचे यंत्र कलकत्त्याहून आणविले. स्टुडिओ पुरेसा ध्वनिरोधक नसल्याने रस्त्यावरील वाहनांचे आवाज मुद्रणात उतरले आणि कचेऱ्या सुटण्याच्या वेळी काम थांबवावे लागे. १९७२ मध्ये ‘लेड झेपलिन’ या इंग्लिश वृंदातील जिमी पेज व रॉबर्ट प्लँट यांनी मुंबईतील वादकांसह आपल्या दोन गीतांची मुद्रणे केली. कुलाब्यातील ‘स्लिप डिस्क’ या नृत्यगृहातही ते दोघे वाजवून गेले. ही मुद्रणे अधिकृतपणे प्रसिद्ध होण्यास मात्र २०१५ साल उजाडले.

मुंबईतील वृंद : महाविद्यालयीन तरुणांचे ‘सॅव्हेजेस’, ‘व्हेल्व्हेट फॉग’, ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ इ. वृंद या काळात पुढे आले. एका सिगारेट कंपनीने पुरस्कृत केलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतील देशभरच्या वृंदांची गीते १९७० व १९७१ अशा दोन ध्वनिमुद्रिकांत संकलित झाली. त्यांच्या प्रती थोड्याच होत्या आणि त्या दुकानांपेक्षा खाजगी संग्रहांतच अधिक टिकल्या. ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ची ऑब्सेशन ७७ ही एकमेव दीर्घवादी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली, तेव्हा वृंदाचा भर ओसरला होता. पुढे परदेशी संग्राहकांनी तिचा शोध घेतला आणि एकविसाव्या शतकात ती अमेरिकेत पुन्हा प्रसिद्ध झाली.

मराठी रंगभूमीशी या चळवळीचा दुवा नंदू भेंडे (मृत्यू २०१४) यांनी जोडला. नट व दिग्दर्शक आत्माराम भेंडे यांचे ते पुत्र. अलेक पदमसी यांच्या १९७४ मधील जीझस क्राइस्ट सुपरस्टार या रॉक संगीतिकेच्या मुंबईतील प्रयोगात त्यांनी ज्युडासची भूमिका गायिली. बेर्टोल्ट ब्रेख्तच्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेला तीन पैशांचा तमाशा पुण्याच्या थिएटर अकादमीने १९७८ मध्ये जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणला. त्यात अंकुशची भूमिका भेंडे यांनी केली आणि भास्कर चंदावरकर यांच्यासह संगीताचीही बाजू सांभाळली. नाट्यपद, लावणी आणि रॉक यांना एकाच प्रयोगात स्थान देण्याचे धाडस त्यापूर्वी मराठी व्यावसायिक वा हौशी रंगभूमीवर क्वचितच झाले होते. नाट्यसंगीताच्या अभिमानी प्रेक्षकांसमोर विद्युत् गिटारीचा स्वर निःसंकोच उभा राहिला, हे या प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व होय.

सिंथेसायझर व चरणजित सिंग : विद्युत् स्वरनिर्मितीचे यंत्र भारतात प्रथम संस्थांच्या व चित्रपट-स्टुडिओंच्या द्वारे आले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर याच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर बसविण्यात आला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात त्याचा वापर रुजविण्यात केर्सी लॉर्ड (१९३५–२०१६) हे अग्रणी होते. याच क्षेत्रातील गिटारवादक चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांनी १९८२ मध्ये रोलँड या जपानी कंपनीचे ज्यूपिटर-८, टीबी-३०३ व टीआर-८०८ ही तीन यंत्रे एकत्र जोडून भैरव, ललित, मेघमल्हार, मालकंस इ. दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर मुद्रित केले. टीबी-३०३ चा सरकता खर्ज रागाच्या मींडेस जवळचा वाटतो, हे त्यांनी हेरले होते. एचएमव्हीने काढलेली ही तबकडी खपली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागो येथे त्याच यंत्राच्या स्वरावर ‘अ‍ॅसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार प्रसिद्धीस आला. सिंग यांच्या तबकडीची एक प्रत २००२ मध्ये एका डच संग्राहकास भारतात मिळाली. तिचे २०१० मध्ये पुनःप्रकाशन झाले आणि सत्तरीतील या वादकास यूरोपात कार्यक्रमांची निमंत्रणे आली. शिकागोतील कलावंतांनी ही तबकडी ऐकली होती असा पुरावा नाही. एकाच यंत्रातून दोन दूरच्या शहरांत सारखे निष्कर्ष निघाले, असेच मानणे सयुक्तिक ठरते.

श्रवणसाधने : आयातीवरील निर्बंध व जबर जकात यांमुळे परदेशी विवर्धक किंवा तबकडीचालक घेणे १९९१ पूर्वी सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात नव्हते. बहुतेक घरांत एचएमव्हीचा फिएस्टासारखा पेटीवजा ग्रामोफोन किंवा रेडिओ असे. आखाती देशांत नोकरीस गेलेले नातलग टेपरेकॉर्डर आणीत. काही माल मनीष मार्केटसारख्या बाजारांत छुप्या मार्गाने येई. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळत आणि त्यांतून मासिकांतील आकृत्यांच्या आधारे घरीच विवर्धक बांधणारा एक वर्ग तयार झाला. कलकत्त्यास १९७० मध्ये स्थापन झालेल्या सोनोडाइनसारख्या देशी कंपन्यांनी मध्यमवर्गास स्टिरिओ संच पुरविले. नवीन तबकड्यांसाठी काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाउस’ आणि जुन्यांसाठी चोर बाजार ही ठिकाणे प्रसिद्ध होती. सु. सात दशके चाललेले ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६ मध्ये बंद झाले.

मुंबईचे दमट व खारे हवामान हा या छंदाचा कायमचा शत्रू आहे. त्यामुळे तबकड्यांच्या वेष्टनांस व चुंबकीय फितींस बुरशी लागते, धातूचे जोड गंजतात. पोलादी सुई प्रत्येक वादनानंतर न बदलल्यास लाखेच्या तबकडीची खाच झिजते. म्हणून शौकिनाला श्रोत्याबरोबर थोडाबहुत कारागीरही व्हावे लागे.

तुलनेची पद्धती : एकच तबकडी दोन संचांवर आळीपाळीने वाजवून निर्णय करणे, ही तुलनेची मूळ रीत होय. तीत दोन दोष संभवतात. किंचित मोठा आवाज कानास नेहमीच अधिक चांगला वाटतो. म्हणून दोन्ही संचांची पातळी मोजून समान करावी लागते. तसेच यंत्राचे नाव वा किंमत ठाऊक असल्यास मत कलते. यावर यंत्रे पडद्याआड ठेवणे हा उपाय आहे. परीक्षेसाठी निवडलेल्या संगीतासही महत्त्व असते. पाश्चात्त्य शौकीन ‘पिंक फ्लॉइड’च्या १९७३ मधील डार्क साइड ऑफ द मून या ध्वनिमुद्रिकेचा आधार घेत. भारतीय श्रोत्यास तंबोऱ्याची जवारी ही त्याहून कठीण कसोटी उपलब्ध आहे; कारण तिच्यातील उपस्वरांची दाटी सदोष यंत्रावर लगेच विस्कटते. तबल्याच्या बायाचा घुमारा खर्जाची परीक्षा घेतो. अशा तुलनेतून लागलेली बारकाईने ऐकण्याची सवय जुन्या मुद्रणांचा काळ, वेग व अस्सलपणा ठरविताना उपयोगी पडते.

जतन व मूल्यमापन : कॅसेटच्या प्रसारामुळे १९८० नंतर तबकड्यांची मागणी घटली आणि पुढील दशकात भारतातील त्यांचे उत्पादन थांबले. अनेक घरांतील संग्रह रद्दीत गेले. या पार्श्वभूमीवर १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील भौतिकीविज्ञ सुरेश चांदवणकर यांनी तिचे कार्य नेटाने चालविले. श्रवणसभा भरविणे, द रेकॉर्ड न्यूज हे नियतकालिक काढणे आणि ध्वनिमुद्रिकांच्या सूच्या करणे, असे तिच्या कार्याचे स्वरूप राहिले. तिचा भर शास्त्रीय, नाट्य व चित्रपट संगीतावर असला, तरी तबकडी हे ऐतिहासिक साधन आहे ही दृष्टी तिने रुजविली.

मुंबईतील प्रायोगिक रॉकला स्वतःचा मोठा श्रोतृवर्ग मिळाला नाही. त्याची भाषा बहुधा इंग्रजी होती, प्रयोग मोजक्या सभागृहांपुरते राहिले आणि नभोवाणीवर त्यास फारसा वाव नव्हता. पाश्चात्त्य गीतांचे अनुकरण हा आक्षेपही त्यातील बऱ्याच भागास लागू पडतो. तरीही रागाचा विचार यंत्राच्या साहाय्याने करणारे चरणजित सिंग आणि मराठी नाटकात रॉक आणणारे नंदू भेंडे यांचे कार्य अनुकरणाच्या पुढे गेले आहे. त्यांपैकी सिंग यांचे काम एका जपलेल्या तबकडीमुळे जगापुढे आले; नाट्यप्रयोगाचा ध्वनी मात्र मुख्यतः प्रेक्षकांच्या स्मरणात उरला. मुद्रण आणि जतन यांवर कलेतिहासाचा निवाडा किती अवलंबून असतो, हे या दोन उदाहरणांच्या तुलनेवरून स्पष्ट होते. खाजगी संग्रहांतील तबकड्या व फिती यांची सार्वजनिक पातळीवर नोंद व अंकीय प्रतिलिपी होणे, हे या विषयाच्या पुढील अभ्यासासाठी अगत्याचे आहे.