नऊ महिन्यांची चाकरी

बालाघाट हा भाताचा आणि अरण्याचा जिल्हा. १८६७ साली तो निर्माण झाला, तेव्हा तेथे आजच्या अर्थाने हॉटेल नव्हते. परंतु पाहुण्यांच्या सेवेसाठी हंगामापुरती माणसे जमवण्याची रीत मात्र होती. पावसाळा ओसरला की साहेबलोकांचे दौरे निघत. तंबू, खानसामा, भिस्ती, बैलगाड्या असा लवाजमा रानवाटांनी हिंडे आणि डाकबंगल्यांत किंवा वनखात्याच्या विश्रामगृहांत उतरे. लाकूडफाटा, पाणी, ओझी यांसाठी लागणारे हात गावातून त्या दिवसापुरते येत. दौरा पुढे सरकला की चाकरी संपे.

बंजर नदीच्या खोऱ्यातील कान्हाचे रान १९३३ साली अभयारण्य झाले, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान. आणि १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत त्याची गणना झाली. शिकारीची जागा दर्शनाने घेतली. बैहर तहसिलीतील मुक्कीच्या प्रवेशद्वाराभोवती निवासगृहे उभी राहिली. स्वयंपाकी, वाढपी, माळी, चालक अशी नवी कामे आली. परंतु हंगाम जुनाच राहिला. उद्यान १ ऑक्टोबरला उघडते आणि ३० जूनला मिटते.

रिकाम्या खोल्यांतून वेतन निघत नाही, हे मालकाचे म्हणणे खोटे नव्हे. ज्याच्या घरी चार बांध्या आहेत त्याला ही सुटी सोयीचीही वाटते. कारण जुलै म्हणजे रोवणीचा महिना. पण कापणीच्या दिवसांत, तसेच मोहफुले व तेंदूपाने वेचण्याच्या दिवसांत, हॉटेलचाही हंगाम भरात असतो. तेव्हा एक कमाई सोडूनच दुसरी धरावी लागते. आणि भूमिहीनाचे काय? उद्यानाच्या गाभ्यातून अनेक गोंड व बैगा कुटुंबांना गावे सोडून बाहेर यावे लागले. ज्याच्याजवळ शेत नाही, त्याला पावसाळ्याचे तीन महिने ही सुटी नसते. ती बेकारी असते.

कायद्याने हा भेद ओळखलेला आहे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने बारमाही नोकराला दर वर्षामागे पंधरा दिवसांचे, तर हंगामी आस्थापनेतील नोकराला दर हंगामामागे सात दिवसांचे वेतन ठरवले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही सात दिवसांची ती तरतूद कायम आहे. ठराविक मुदतीच्या नोकराला आता एका वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटी मिळते. पण ज्याचा करारच नऊ महिन्यांचा, त्याने ते वर्ष कसे गाठावे?

लवचिकता हा शब्द गोड आहे. मात्र दोरी दोन्ही टोकांनी ताणली जाते की एकाच, हे पाहिले पाहिजे. हंगामी माणसाला नेमणुकीचे पत्र मिळावे, हजेरीपटावर त्याचे नाव असावे आणि येत्या ऑक्टोबरात पहिले बोलावणे त्यालाच येईल, हे लेखी असावे. एवढे झाले, तर दौऱ्याच्या काळची ती चाकरी खऱ्या अर्थाने नोकरी होईल.