भूल, बधिरता आणि थायरॉईडची गोळी

‘थायरॉईड असला की दात काढताना भूल चालत नाही.’ गणपतीपुळ्यात हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलंय, त्याची मोजदाद नाही. त्याच्या जोडीला आणखी एक असतं : ‘वरची दाढ काढली की डोळा अधू होतो.’ दुसऱ्या वाक्यावर आमच्या वयाची मंडळी हसतात. पहिल्यावर कुणी हसत नाही, कारण ते डॉक्टरी वाटतं.

माझ्या आत्याचा थायरॉईड मंद आहे. रोज सकाळी अनशापोटी गोळी घेते. दोन वर्षांपूर्वी तिची दाढ किडली. आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण ती जाईना. दाढेखाली लवंग धरायची, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या, आणि कुणी विषय काढला की म्हणायची, “दुखणं परवडलं गो, पण ती सुई नको.” शेवटी गाल सुजला, ताप आला, तेव्हा कुठे गाडीत बसली.

तिची भीती मला खुळी वाटली नाही. पण ती कुठून आली, हे शोधायला लागले तेव्हा दिसलं की ही एक भीती नाहीच. तीन जुन्या भीती एकमेकींत मिसळल्यात आणि त्या मिसळायला आपला एक शब्द कारणीभूत आहे : भूल.

मराठीत ऑपरेशनला बेशुद्ध करणं म्हणजेही भूल आणि हिरडी बधिर करणं म्हणजेही भूल. वैद्यकात या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा जन्म मात्र दातांच्या डॉक्टरांच्याच हातून झाला. १८४४मध्ये अमेरिकेतल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. १६ ऑक्टोबर १८४६ला विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने बोस्टनमध्ये ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं. पुढच्याच वर्षी एडिंबरात सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणला. तो स्वस्त, झटपट आणि हुंगायला सोपा होता. पण धडधाकट माणसं टेबलावरच जाऊ लागली आणि कारण कुणाला कळेना.

हा वाद आपल्या दारापर्यंत आला होता. आजचा मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्या हैदराबादेत एडवर्ड लॉरी या डॉक्टरच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९मध्ये क्लोरोफॉर्म कमिशन भरलं. खर्च निजामाने उचलला. शेकडो जनावरांवर प्रयोग करून निष्कर्ष निघाला की क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबवतो, हृदय नाही. तेव्हा श्वासावर लक्ष ठेवा म्हणजे झालं. ते पूर्ण खरं नव्हतं. १९११मध्ये इंग्लंडच्या लेव्हीने दाखवलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना शरीरात अॅड्रिनॅलिन गेलं, तर हृदयाची लय बिघडून ते थांबू शकतं. ‘भूल दिली आणि उठलाच नाही’ या गोष्टी त्या काळातल्या. दाताच्या खुर्चीतल्या आजच्या सुईशी त्यांचा संबंध नाही.

त्या सुईचा इतिहास वेगळा आहे. १८८४मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेडने खालच्या जबड्याची नस कोकेनने बधिर केली. आज खालची दाढ काढताना देतात ती सुई त्याच रीतीची. स्वतःवर प्रयोग करता करता हॉल्स्टेड कोकेनच्या आहारी गेला. १९०५च्या सुमारास प्रोकेन आलं आणि १९४३मध्ये स्वीडनमध्ये लोफ्ग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी आजचं लिग्नोकेन तयार केलं. या औषधात चिमूटभर अॅड्रिनॅलिन घालतात. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर टिकतं आणि रक्त कमी जातं. आपल्याकडच्या दवाखान्यांत बहुतेकदा ८०,००० भागांत एक भाग अॅड्रिनॅलिन असतं. सुई दिल्यावर मिनिटभर छाती धडधडते ती बरेचदा यामुळे. घेरी येते ती पुष्कळदा भीतीने आणि रिकाम्या पोटाने. लिग्नोकेनची खरी अॅलर्जी फार क्वचित आढळते.

आता थायरॉईड. अॅड्रिनॅलिन जपून द्या, हा इशारा आहे तो थायरॉईड जोरात चालणाऱ्यांसाठी. त्यांचं हृदय आधीच घाईत असतं. आपण मात्र मंद आणि जलद दोन्हींना नुसतं ‘थायरॉईड आहे’ म्हणतो, आणि एकाचा इशारा दुसऱ्याला लागतो.

मंद थायरॉईडची भीती तिसरी. १८७३मध्ये लंडनच्या विल्यम गल यांनी अशा स्त्रियांचं वर्णन केलं : चेहरा सुजल्यासारखा, बोलणं संथ, हालचाल जड. हैदराबादेत पहिलं कमिशन भरलं त्याच १८८८ साली लंडनच्या डॉक्टरांच्या समितीने या आजाराचा मोठा अहवाल काढला. तोवर त्यावर उपाय नव्हता. १८९१मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. ती बरी झाली आणि आणखी २८ वर्षं जगली. आत्याची सकाळची गोळी ही त्याच अर्काची पुढची पिढी.

ती गोळी मिळत नव्हती तेव्हाचा धोका खरा होता, आणि उपचार न घेणाऱ्यासाठी आजही आहे. मंद शरीर औषधं सावकाश पचवतं. झोपेची, गुंगीची, अफूच्या जातीची वेदनाशामक औषधं त्याला जास्त चढतात. श्वास मंदावू शकतो. थायरॉईड फारच खालावलेला असेल, तर अशी औषधं, मोठं ऑपरेशन किंवा अंगात पसरलेला जंतुसंसर्ग माणसाला बेशुद्धीपर्यंत नेऊ शकतो. म्हणजे सुईच्या भीतीने दाढेत पू साठू देणं हाच धोका जास्त. गोळी नियमित आणि टीएसएच आटोक्यात असेल, तर बधिर करण्याची सुई इतरांसारखीच घेता येते. हृदयविकारही असेल, तर अॅड्रिनॅलिन किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतात.

“आम्ही मासे खाणारे, आम्हाला कसला थायरॉईड?” हेही किनाऱ्यावर ऐकू येतं. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई आणि गोवा धरून देशातल्या ८ ठिकाणच्या प्रौढांमध्ये मंद थायरॉईडचं प्रमाण सुमारे ११ टक्के निघालं. किनाऱ्यावर ते थोडं कमी, पण दहामागे एकाच्या आसपासच. कित्येकांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नव्हतं. कारण तो नेहमी आयोडीनच्या कमतरतेने होत नाही. १९१२मध्ये जपानच्या हाशिमोतो यांनी ज्या आजाराचं वर्णन केलं, त्यात शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर उलटतं. त्याला सुरमई-बांगड्याचं जेवण अडवू शकत नाही.

घरात कुणाची दाढ दुखत असेल आणि थायरॉईडमुळे अडलं असेल, तर त्यांच्यासोबत जा. सकाळची गोळी चुकवू देऊ नका, पण उपाशीही नेऊ नका. खुर्चीत बसण्याआधी तीन गोष्टी सांगायच्या : थायरॉईड मंद की जलद, गोळी किती मायक्रोग्रॅमची, आणि शेवटचा रिपोर्ट कधीचा. आणि डॉक्टर ‘भूल देतो’ म्हणाले, तर विचारा, बेशुद्ध करणार की नुसतं बधिर? त्या उत्तरानेच आत्यासारख्या पुष्कळांची निम्मी भीती जाईल.