विटाळ आणि संसर्ग : १९१८ च्या साथीचा धडा

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने या देशात किती माणसे मेली, याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत जातात. जूनमध्ये मुंबईत शिरलेला हा ताप रेल्वेने देशभर गेला आणि सप्टेंबरनंतर मारक होऊन उलटला. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हे सर्वांत होरपळलेल्या मुलखांपैकी, आणि त्याची राजधानी नागपूर. त्यातच त्या वर्षी पावसाने दगा दिला, धान्य महागले. उपाशी शरीरांवर तापाने घाला घातला.

साथ सर्वांना सारखीच मारते, असे आपल्याला शिकवले जाते. हे खोटे आहे. मुंबई शहराच्या त्या वेळच्या नोंदींप्रमाणे युरोपियनांत हजारी सुमारे ८, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत सुमारे १९ माणसे दगावली. आणि ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले गेले, त्यांच्यात ६१ हून अधिक! रोगजंतूला जात कळत नाही. मग हा हिशेब कोणी मांडला? तो मांडला चाळीतल्या कोंदट खोलीने, अर्धपोटी मजुरीने आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीने.

त्या काळी औषध नव्हतेच. माणसातील इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडला १९३३ साली. म्हणजे रोगी जगणे पुष्कळसे शुश्रूषेवर अवलंबून होते : विश्रांती, भरपूर पाणी, पातळ पेज, मोकळी हवा, उशाशी एक माणूस. पण ज्याला सार्वजनिक विहिरीला हात लावायची बंदी, त्याने तापलेल्या लेकराला घोटभर पाणी आणायचे कोठून? ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याने विश्रांती घ्यायची कशी? घरोघर शुश्रूषा करणाऱ्या बायकाच देशभर अधिक मेल्या, हेही विसरता येत नाही.

येथे एक भेद मी आग्रहाने मांडतो. संसर्ग टाळण्यासाठी ठेवलेले अंतर काही दिवसांचे असते, सर्वांना सारखे असते आणि त्यात रोग्याची काळजी असते. विटाळाचे अंतर जन्मापासून मरणापर्यंतचे असते आणि त्यात फक्त तिरस्कार असतो. नागपूरच्या किसन फागुजी बनसोड्यांनी १९१३ साली आपल्या पत्राला 'विटाळ विध्वंसक' हे नाव दिले, ते उगाच नव्हे. म्हणून आपल्या वस्तीत कोणी रोग्याला वेगळे झोपवा म्हटले, तर त्यात अपमान मानू नये. रोग्याला वाळीत टाका म्हटले, तर मात्र ते मुळीच ऐकू नये.

आज आपल्या हाती ज्ञान आहे. लक्षणांच्या आदल्या दिवसापासून साधारण पाच-सात दिवस रोगी इतरांना लागण करू शकतो. त्याने वेगळे निजावे, खोकताना तोंड झाकावे. घरच्यांनी साबणाने हात धुवावेत, खिडकी उघडी ठेवावी. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. धाप लागली, ओठ निळसर पडले, शुद्ध हरपू लागली, तर तडक दवाखाना गाठावा. म्हातारे, गरोदर बाया, दमेकरी यांनी दरवर्षी लस घ्यावी.

पण 'घरीच थांबा' हा सल्ला घर, नळ आणि भरपगारी रजा गृहीत धरतो. ज्यांच्याजवळ ती नाहीत त्यांना निव्वळ उपदेश करणे ही क्रूर थट्टा आहे. कार्यकर्त्यांनी वस्तीत साबणाबरोबर या तीन मागण्याही न्याव्यात.