नगर परिषद स्थापना मोहीम (इंग्लंड)
स्वतःची परिषद नसलेल्या गावात ती स्थापन व्हावी म्हणून मतदारांनी चालविलेली मोहीम. १९७४ च्या स्थानिक शासनाच्या पुनर्रचनेत अनेक जुन्या नगरांनी स्वायत्तता गमावली. उदा., सटन कोल्डफील्ड हे नगर बर्मिंगहॅममध्ये विलीन झाले. परिषदेच्या मागणीचा अर्ज स्थानिक शासनविषयक २००७ च्या कायद्यानुसार करतात. २,५०० हून अधिक मतदार असल्यास ७.५ टक्के मतदारांच्या सह्या लागतात (२०१५ पूर्वी १० टक्के). वैध अर्ज आल्यावर वरिष्ठ स्थानिक प्राधिकरणाला त्या भागाच्या स्थानिक कारभाराचे पुनर्विलोकन करावेच लागते. निर्णय मात्र त्याच्याच हाती राहतो, त्यामुळे सह्या जमल्या तरी परिषद मिळेलच असे नाही. अशा मोहिमेनंतर सटन कोल्डफील्डची परिषद २०१६ मध्ये निवडून आली. अशी परिषद उद्याने, दफनभूमी, सभागृहे सांभाळू शकते, त्यासाठी रहिवाशांच्या स्थानिक करात जादा आकारणी होते (पहा : पॅरिश, स्थानिक स्वराज्य).